मावशी, सत्तावीस डिसेंबर वेगळा ठेवल्याबद्दल

प्रिय मावशी,

सा. न. वि. वि.

समोरासमोर तुझे आभार मानायला गेलं की तू ‘पुरे, पुरे’ म्हणून विषय बदलतेस. म्हणून हे पत्र चारचौघांत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेलं पोर ज्यांच्या घरी आहे, त्यांनाही उपयोगी पडेल.

नाताळ आणि नवीन वर्ष यांच्या कात्रीत वाढदिवस सापडणं म्हणजे काय, हे एरवीच्या महिन्यांतल्या लोकांना सांगून कळत नाही. शाळेला सुट्टी, त्यामुळे वर्गात कौतुक नाही. मैत्रिणी गावाला. घरातली मोठी माणसं पाहुणे उरकून दमलेली, त्यांचे खिसेही दमलेले. आणि ते ठरलेलं वाक्य: ‘हे नाताळचं आणि वाढदिवसाचं मिळून हं!’ धाकट्याला मात्र नाताळचं वेगळं आणि ऑगस्टमधलं वेगळं. मुलांना असले हिशेब फार लवकर कळतात.

तू आईला बाजूला घेऊन बजावलंस, भेट लहान असली तरी चालेल, पण वेगळी हवी. तुझ्या भेटीचा कागद साधा असायचा, निळा नाहीतर पिवळा. घंटा आणि तारे छापलेला, नाताळचा उरलेला कागद तू कधी वापरला नाहीस. चिकटपट्टी न फाडता नखाने सोडवून मी तो कागद घडी घालून ठेवायचे. कार्डावर फक्त वाढदिवस, ‘नववर्षाच्याही शुभेच्छा’ हे शेपूट नाही. नववर्षाचं कार्ड १ जानेवारीला निराळं. मैत्रिणींना बोलवायचं ते शाळा सुरू झाल्यावर, हेही तूच ठरवलंस. पण २७ तारीख घरच्यांनी पाळायचीच, त्या दिवशी आदल्या पार्टीचं उरलंसुरलं गरम करून भागवायचं नाही, हा तुझा हुकूम.

स्टीव्हन्सनची गोष्टही तुझीच. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन सामोआत राहत होता. तिथल्या ओळखीच्या एका अमेरिकी अधिकाऱ्याची मुलगी, ॲनी आइड, नेमकी नाताळच्या दिवशी जन्मलेली, त्यामुळे तिला स्वतःचा असा वाढदिवस मिळेचना. स्टीव्हन्सन वकिली शिकलेला. त्याने १८९१ मध्ये रीतसर दस्तऐवज करून आपला १३ नोव्हेंबरचा वाढदिवस तिच्या नावे करून टाकला. वर अट अशी, की तिने अटी पाळल्या नाहीत तर हा हक्क अमेरिकेच्या अध्यक्षांकडे जाईल! मी पोट धरून हसले होते. पण त्या पाठोपाठ तू तुझा मार्चमधला वाढदिवस मला देऊ केलास, तेव्हा मी साफ नाही म्हटलं. मला माझीच तारीख हवी होती. सहा महिन्यांनी ‘अर्धा वाढदिवस’ करा असंही लोक सुचवतात. ज्याला रुचेल त्याने खुशाल करावा, पण जूनमध्ये मी मुळी जन्मलेच नाही, त्याला काय करू?

तू वाद घातला नाहीस. पुढच्या भेटीत सहज म्हणालीस, ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा योहानेस केप्लरही २७ डिसेंबरचाच, १५७१ सालचा. त्यानंतर कित्येक दिवस मी भेटेल त्याला हे ऐकवत होते. (न्यूटनची तर आणखी गंमत. इंग्लंडच्या तेव्हाच्या कॅलेंडरप्रमाणे जन्म २५ डिसेंबर १६४२, आजच्या कॅलेंडरप्रमाणे ४ जानेवारी १६४३. बिचारा कुठूनही मोजा, सुट्टीतच सापडतो.)

आता नोकरीत तेच. त्या आठवड्यात ऑफिस निम्मं रिकामं, कुणाला मेल करावा तर ‘मी सुट्टीवर आहे’ असं आपोआप उत्तर. त्याचं काही वाटेनासं झालंय, उलट दिवस निवांत मिळतो. दोन्हीचं मिळून एकच काहीतरी देणारे अजूनही भेटतात, त्यांना मी हसून थँक्यू म्हणते आणि मनात तुझा निळा कागद आठवते.

तुझा फोन अजून पहाटेच येतो. पहिलं वाक्य वाढदिवसाचं, सुट्टी कशी चाललीय आणि थर्टी फर्स्टचा बेत काय, हे सगळं त्यानंतर. हा क्रम तू एकदाही चुकवला नाहीस, त्याबद्दल मनापासून आभार.

यंदा एकच विनंती. फोन जरूर कर, पण आठनंतर कर. सुट्टी असते गं.

तुझी,
डिसेंबरवाली भाची