शालू, काकू खरंच हसतात

गिरगाव, मुंबई
5 जुलै 2020

प्रिय शालू,

परवा फोनवर तू विचारलंस, "विजू, खरं सांग, आई माझ्यापासून काही लपवतेय का? कधीही फोन करावा तर हसतच असते." तेव्हा काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या, त्यामुळे धड बोलता आलं नाही. आज रविवार, बँकेला सुट्टी, बाहेर धो धो पाऊस. निवांत लिहिते आणि मेलने पाठवते.

एक गोष्ट त्यांनी लपवली होती, ती पुढे सांगेनच. पण हसणं खरं आहे गं. तू शारजात अडकलेली, विमानाचा पत्ता नाही, इकडे आई एकटी. तुला ते हसणं खोटं वाटणारच. म्हणून ते कुठून येतं ते सांगते.

सुरुवातीला कुणीच हसत नव्हतं. 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजवून झाल्या, आणि पाडव्यापासून, म्हणजे 25 तारखेपासून, 21 दिवस सगळं बंद. गिरगावची शोभायात्रा रद्द झाली. ना ढोल, ना नऊवारीतल्या बुलेटवाल्या. लोकल बंद, त्यामुळे चर्नी रोडकडून येणारा गाड्यांचा आवाजही गेला. सगळ्यात विचित्र म्हणजे चाळीतली दारं दिवसाढवळ्या बंद दिसायला लागली. आपल्याकडे दुपारी दार लोटलेलं दिसलं तर चार जणी "बरं नाही का?" विचारायला येतात, ठाऊक आहे ना तुला. त्या आठवड्यात कुणी कुणाला विचारेना. मला आजाराइतकीच त्याची धास्ती वाटली.

लोकांना पुन्हा बोलतं केलं ते संडासाने. हसू नकोस. "घरातच राहा" हे ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांना जमतं, आपले संडास मजल्याच्या टोकाला. रांग लागणार, आणि रांगेत अंतर ठेवणार कसं? मग पोरांनी गॅलरीत रंगीत खडूने चौकोन आखले आणि त्यात लंगडीच्या खेळासारखे आकडे घातले. एका सकाळी पाहते तर वकीलकाका हातात बादली घेऊन चार नंबरच्या घरात उभे, आणि मागून कुणाची तरी पोर ओरडतेय, "आजोबा, रेषेवर पाय पडला, आऊट!" काका निमूटपणे मागे जाऊन उभे राहिले. अख्खा मजला हसला, काकाही हसले. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला मी.

मग 28 मार्चपासून दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. नवाच्या ठोक्याला रांग रिकामी. वकीलकाका रोज गॅलरीतून पुकारायचे, "अयोध्येला जाणाऱ्यांनी घरात जा, बाकीच्यांनी इकडे या!"

मास्कचं तर विचारूच नकोस. तळमजल्यावरच्या शिंपीमामांनी शिल्लक कापडातून मास्क शिवून घरोघर वाटले, एक पैसा घेतला नाही. पण त्यांच्याकडे शिल्लक म्हणजे ब्लाऊजपीसच. त्यामुळे प्रत्येक नवऱ्याच्या तोंडावर आपापल्या बायकोचं ब्लाऊज! लांबून चेहरा ओळखू येत नसे, पण "तो मोरपंखी काठ दिसतोय, म्हणजे गुरुजी" असं बरोबर कळायचं.

आणि हाऊजी. ती तुझ्या आईची कल्पना. रात्री साडेआठ वाजता, सगळे आपापल्या दारात, तिकिटं पोरांनी वहीच्या कागदावर आखलेली आणि दोरीच्या टोपलीतून वरखाली फिरवलेली. आकडे पुकारायचे काकूंनी, मधल्या मजल्यावरून. आवाज अजून तसाच खणखणीत आहे. पण नुसता आकडा सांगतील तर त्या काकू कसल्या? "हात धुवा, वीऽऽस सेकंद!" "टाळेबंदीचे पहिले दिवस, एकवीस!" "जनता कर्फ्यू, बावीस!" "दिवे लावा मिनिटं नऊ, तारीख मात्र पाच!" मग पोरं भांडणार, आकडा नऊ की पाच? आणि एकोणीस आला की त्या नुसत्या गप्प उभ्या राहायच्या. तिन्ही मजले एका सुरात ओरडायचे, "नाऽऽव घ्यायचं नाही!"

बक्षिसं पण तशीच. टॉप लाईनला कोथिंबिरीची जुडी, फुल हाऊसला अर्धा डझन अंडी. मे महिन्यात कोकणातून टेम्पोने थेट हापूस आला, तेव्हा एक फुल हाऊस हापूसच्या डझनावर झालं. त्या रात्री लोक मोबाईलच्या उजेडात आकडे तपासत होते.

आता ती लपवलेली गोष्ट. एप्रिलच्या अखेरीस एका रात्री काकूंनी आकडे पुकारले, पण नुसते. वीस म्हणजे वीस. त्यात काही मिसळलं नाही. मला चैन पडेना. हाऊजी संपल्यावर दारात जाऊन उभी राहिले, तेव्हा कळलं की ब्लड प्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या आणि "उगाच कुणाला बाहेर पाठवायचं?" म्हणून त्या गप्प होत्या. वकीलकाकांचा मुलगा सकाळी पहिल्या रांगेत उभा राहून गोळ्या घेऊन आला. तेव्हापासून ठरलं, हाऊजीत ज्या दारातून आवाज आला नाही त्या दारी कुणीतरी जायचंच. तसं गेल्यावरच कळलं की टॅक्सी चालवणाऱ्या बिऱ्हाडात तांदूळ संपलाय, आणि खालच्या आजींचा फोन बिघडलाय म्हणून त्या रडत बसल्यात. एरवी आपल्यातलं कोण सांगतं गं, आमच्याकडे तांदूळ नाही म्हणून? लाज वाटते. पण हाऊजीला आवाज का नाही आला, हे विचारायला कुणालाच संकोच वाटत नव्हता.

मे महिन्यात मात्र हसणं थांबलं. तळमजल्यावरचा एक जण पॉझिटिव्ह निघाला, ॲम्ब्युलन्स आली, चाळीच्या तोंडाशी बांबू बांधले गेले. त्याची बायको आणि मुलगी खोलीत अडकल्या. लोक त्यांच्या दारासमोरून जायला घाबरू लागले, आणि त्याचा राग येतो मला अजून. त्यात एका पोराने ग्रुपवर त्या घरावरच विनोद टाकला. काकूंनी त्याला गॅलरीतून हाक मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आधी त्यांच्या दारात डबा ठेवून ये, मग पाठव." तो डबा ठेवून आला, आणि विनोद त्याने स्वतःच काढून टाकला. दुसऱ्या दिवसापासून डब्यांची पाळी लागली.

त्याच दिवसांत इस्त्रीवाले भैया श्रमिक गाडीने गावी गेले. जाण्याआधी घरोघरचे कपडे घडी करून देऊन गेले. त्यांच्याबद्दल कुणालाच काही गमतीचं बोलवलं नाही.

बांबू होते तेव्हा संध्याकाळी गुरुजी गॅलरीतून गोष्टी सांगायचे. ज्या कायद्यांनी हे सगळं बंद आहे त्यातला एक, साथरोग कायदा, 1897 चा, आणि तो आला 1896 ला आपल्याच मुंबईत शिरलेल्या प्लेगमुळे, हे मला त्यांच्याकडून कळलं. इथे जवळच केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती 1893 पासूनचा. पोरांनी लगेच हिशोब केला, म्हणजे बाप्पाने प्लेग बघितलाय! मग वरून कुणीतरी ओरडलं, "मग त्याला विचारा, तेव्हा लोकांचे केस कोण कापायचं?" कारण तोवर सगळ्यांची डोकी वाढली होती. 28 जूनला सलूनं उघडली, तीही कशी, तर केस कापायला परवानगी, दाढीला नाही. गुरुजींची छातीपर्यंत आलेली दाढी अजून तशीच आहे.

तळमजल्यावरचा तो बरा होऊन परतला, तेव्हा त्या रात्रीचा पहिला आकडा काकूंनी त्याला पुकारायला लावला. आवाज बारीक झाला होता त्याचा. त्याने चिठ्ठी उचलली, आणि नेमका एकोणीस! क्षणभर सगळे गप्प. मग तोच म्हणाला, "मी घेऊ का नाव? माझी ओळख झालीय." शालू, इतकं हसून इतकं रडलेलं मी या चाळीत कुणाला पाहिलं नव्हतं. त्याची मुलगी तर त्याला बिलगूनच बसली होती.

एकादशीला काकूंनी उपास केला. पालख्या यंदा एसटीने पंढरपूरला गेल्या, ते टीव्हीवर बघून म्हणाल्या, "इतकी वर्षं चालली माऊली, यंदा बसून गेली. बरं झालं, पाय दुखले असतील." म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

आता कामाचं. 22 ऑगस्टला गणपती. लालबागच्या राजाची मूर्ती यंदा नाही, त्याऐवजी रक्तदान आणि प्लाझ्माचं शिबिर आहे. आपला बाप्पा पहिल्यापासून दीड फुटाचा, त्यामुळे सरकारने मंडळांच्या मूर्तींना घातलेल्या चार फुटांच्या मर्यादेचा प्रश्नच नाही. आरती आपापल्या गॅलरीतून. तुला व्हिडिओ कॉलवर घेणार आहोत. इथे रात्री आठ म्हणजे तुझ्याकडे साडेसहा, तेव्हा ड्युटी कशी लागते ते कळव, त्याप्रमाणे वेळ मागेपुढे करू. आणि काकूंच्या गोळ्या पुढच्या महिन्याच्या आणून ठेवल्यात, पट्टी मी स्वतः मोजली.

आणखी एक. काकू रोज तुझ्या नावानेही एक तिकीट घेतात, पाच रुपये भरून. मागच्या मंगळवारी तुला मिडल लाईन लागली. बक्षीस एक नारळ होता, त्याच्या करंज्या झाल्या आणि आम्हीच खाल्ल्या. हरकत असेल तर लेखी कळव.

तुझी,
विजू

ता. क. हे पत्र काकूंना वाचून दाखवलं. गोळ्यांचं तुला कळवलं म्हणून माझ्यावर रागावल्यात. तूच फोन करून समजूत घाल.