बेअर क्रीकचा काठ तीन उन्हाळे सांभाळणारी माणसं हवीत

अमेरिकेत सिॲटलजवळच्या रेडमंड, सॅमॅमिश, बॉथेल, बेलव्ह्यू परिसरातल्या सर्व मराठी कुटुंबांना नमस्कार.

मेरीमूर पार्कात क्रिकेटच्या निमित्तानं आपण सगळेच जातो. तिथून जवळच बेअर क्रीक हा ओढा सॅमॅमिश नदीला मिळतो. सप्टेंबर सरता सरता या ओढ्यावरच्या एखाद्या पुलावर थोडा वेळ शांत उभे राहा. नशीब असेल तर खाली उथळ पाण्यात एकदम खळबळ दिसेल. चिनूक सामनची मादी शेपटीनं खडी उकरून अंड्यांसाठी खळगा करत असते. समुद्रात काही वर्षं काढून, बॅलर्डच्या लॉक्सजवळचा (समुद्र आणि तलावांमधल्या जलद्वारांजवळचा) माशांचा जिना चढून, लेक युनियन आणि लेक वॉशिंग्टन ओलांडून ती इथवर आलेली असते. जन्मलो त्या पाण्याचा वास तिला ओढा शोधून देतो. अंडी घातली की काही दिवसांत ती मरते. (दुकानात आपण सामनला सवयीनं रावस म्हणतो, पण रावस निराळा मासा.)

प्युजेट साउंड या इथल्या खाडीतला चिनूक १९९९ पासून धोक्यातल्या जातींच्या सरकारी यादीत आहे. कारणं पुष्कळ आहेत, त्यातलं एक आपल्या हाताच्या अंतरावर आहे: पाण्याची ऊब. १९६०च्या दशकात सॅमॅमिश नदी खोदून सरळ केली गेली, काठची झाडी गेली. आता उन्हाळ्याच्या शेवटी नदीचं पाणी २० अंशांच्या वर जातं आणि ते सामनला सोसत नाही. बेअर क्रीकचं पाणी त्यामानानं थंड असतं. ते तसंच राहायचं तर ओढ्यावर सावली हवी, आणि सावलीसाठी काठावर झाडं.

झाडं लावायला लोक येतात. ऑक्टोबर ते मार्च हा इथला लागवडीचा हंगाम, म्हणजे आपल्या मृगाच्या अगदी उलट. भर पावसात मुलं चिखलात उतरतात, रेड सीडर आणि सिटका स्प्रूसची रोपं लावतात. शेवग्याची फांदी रोवावी तशी विलोची फांदी ओल्या काठात रोवली की तिला मुळं फुटतात. हे सगळं छान होतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये महिना महिना पाऊस नसतो. नेमके तेव्हाच आपण शाळेच्या सुट्टीत भारतात असतो. परत येऊन पाहावं तर रोपं दिसतच नाहीत, ब्लॅकबेरीनं सगळं झाकलेलं असतं. या काटेरी वेलीला इथे हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात. ल्यूथर बरबँक यांनी १८८५च्या सुमारास भारतातून आलेल्या बियांपासून ती वाढवली म्हणून हे नाव पडलं, पण तिचं मूळ आर्मेनियाकडचं. वरवर छाटली तर ती पुन्हा फुटते, गड्डा खणूनच काढावा लागतो.

म्हणून यंदाचं मागणं वेगळं आहे. लागवडीच्या एका शनिवारी या, असं आम्ही म्हणत नाही. तीन-चार कुटुंबांनी मिळून काठाचा एक तुकडा घ्यावा आणि तीन उन्हाळे सांभाळावा. तण काढायचं, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं, गरज पडली तर पाणी द्यायचं. सुट्टीवर जाणाऱ्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात. भारतातून उन्हाळ्यात येणाऱ्या आईबाबांना, सासूसासऱ्यांना जरूर सोबत आणा. घरात बसून कंटाळलेल्या कितीतरी आजीआजोबांना झाडाची नस आपल्यापेक्षा चांगली कळते. तुकडे पालिकेच्या परवानगीनंच वाटले जातील.

मुलांसाठी दर हिवाळ्यात ओढ्याकाठी मराठीतून गप्पा ठेवणार आहोत. इथल्या काही शाळांत वर्गातल्या टाकीत सामनची अंडी वाढवून वसंतात पिल्लं सोडतात, तेव्हा मुलांना बरंच माहीत असतं. प्रश्न आम्हा मोठ्यांचा आहे. दारात गाडी धुतली की साबणाचं पाणी रस्त्याकडेच्या जाळीतून बहुतेक ठिकाणी कुठलीही प्रक्रिया न होता थेट ओढ्यात जातं. टायरच्या झिजेचंही तेच. पहिल्या मोठ्या पावसात कोहो सामन अंडी घालण्याआधीच का मरतात, याचा उलगडा २०२० मध्ये इथल्याच विद्यापीठांतल्या संशोधकांनी केला: टायरमधल्या एका रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन विष तयार होतं. तेच पाणी माती आणि खताच्या थरातून गाळून सोडलं तर कोहो जगतात, हेही दिसलं आहे. अंगणात पावसाचं पाणी मुरवणारी बाग कशी करायची, ते आम्ही येऊन दाखवू.

आणि गणपतीबद्दल एक कळकळीची विनंती. विसर्जनाच्या दिवसांत चिनूक ओढ्यात शिरत असतो. मूर्ती शाडूची असली तरी घरी बादलीत विसर्जन करावं आणि निर्माल्य खतात घालावं. त्या महिन्यांत पाण्यात उतरू नका, कुत्र्यालाही सोडू नका. एका पावलाखाली खळग्यातली अंडी चिरडू शकतात.

पैसे हवेत ते कुदळी, फांद्या छाटायच्या मोठ्या कात्र्या, जाड हातमोजे आणि मुलांच्या मापाचे गमबूट यांसाठी. जमेल तेवढं द्या. गेल्या वर्षीचे लहान झालेले गमबूट दिलेत तरी चालतील. प्रत्येक खर्चाचा हिशेब गटावर टाकला जाईल.

तुकडा घ्यायचा असेल तर कुटुंबाचं नाव आणि भारतात जायच्या तारखा आमच्या व्हॉट्सॲप गटावर कळवा. तारखा आधी हव्यात, कारण जुलैच्या पाळ्या आत्ताच ठरवायच्या आहेत.