वृद्धाश्रमात रात्री जागे कोण असते?

प्रति,
मा. संपादक,

विषय : वृद्धाश्रमांतील रात्रीच्या देखभालीबाबत

महोदय,

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी पावणेसातला मी जळगावजवळच्या एका वृद्धाश्रमात न कळवता गेले. शाळेच्या कामासाठी जळगावला यायचे होते आणि चाळीसगावहून पहाटेची गाडी मिळाली, म्हणून. एरवी मी दर दुसऱ्या रविवारी भेटीच्या वेळेत जायचे, चार ते सहा. तिथे माझी फुई, म्हणजे आत्या, दोन वर्षे राहत होती.

रविवारी पाहिलेला आश्रम आणि त्या सकाळचा आश्रम यांत फार फरक होता. रविवारी पांढऱ्या चादरी असत, फिनाइलचा वास असे, बायका वेणीफणी करून बसलेल्या असत. मंगळवारी फुई भिंतीकडे तोंड करून पडली होती. डायपर रात्रीचाच होता आणि चादर गुडघ्यापर्यंत ओली होती. गाऊन वर करून पाहिले, तर माकडहाडावर काळपट डाग आणि त्याच्या मधोमध कातडीच नव्हती. आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा. डाव्या टाचेवर पाण्याने भरलेला फोड. तिने मला लगेच ओळखलेही नाही, माझ्या आईच्या नावाने हाक मारली.

फुई तिशीत विधवा झाली. मूलबाळ नाही. आई शेतात जायची तेव्हा आम्हा भावंडांना तिनेच वाढवले. ओट्यावरून पडून खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, पण नंतर ती पायावर उभी राहिली नाही. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, यजमानांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस आणि माझी नोकरी. "मला कुठेतरी चांगल्या जागी ठेव," असे फुईच म्हणाली. आज खान्देशातल्या कितीतरी गावांत हीच परिस्थिती आहे. पोरे सुरतेला, पुण्याला, नाशिकला. शेती बटाईने दिलेली. घरात दोन म्हातारी माणसे, नाहीतर एकच. आश्रमात ठेवले म्हणून नातेवाइकांनी खूप नावे ठेवली. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. आश्रमांची गरज आहे आणि ते चांगले असले पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या सकाळी मी रात्रपाळीच्या मावशींजवळ बसले. शेजारच्या खेड्यातून येणारी चाळिशीची बाई. आश्रमात दोन मजल्यांवर मिळून चौतीस जण आणि रात्री ९ ते सकाळी ७ या एकट्या. चौतिसांपैकी नऊ जण पूर्ण अंथरुणाला खिळलेले. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी, असे डॉक्टर सांगतात. रात्रीचे दहा तास धरले तर एकाला पाच वेळा, नऊ जणांना पंचेचाळीस वेळा. पाठीची कातडी खरवडू न देता जड माणूस वळवायचे, तर चादर धरायला दोन माणसे लागतात. त्यातच कोणाला संडासला न्यायचे, कोणी उठून जिन्याकडे निघाले तर आवरायचे, पाच वाजता चहा ठेवायचा. मला त्या बाईचा राग आला नाही. तिचे हात फिनाइलने फुटलेले होते. पंचेचाळीस वेळांपैकी एकदाही तिने कोणाची कूस बदलली नसेल, तरी दोष तिला एकटीला इथे ठेवणाऱ्यांचा आहे.

आता गादीचे सांगते. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितले म्हणून मी स्वतः एअर बेड आणून दिला होता. त्याच्या नळ्यांत पंप आळीपाळीने हवा भरतो आणि सोडतो, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही. पण पंपाला वीज लागते. फुईच्या खोलीत आठ कॉट आणि भिंतीवर एकच चालू प्लग. एप्रिल संपत आलेला, पारा चव्वेचाळीसच्या वर. मावशींनी पंप काढून त्या जागी कूलर लावला होता. आठ बायकांना वारा लागावा म्हणून. गादी पोळीसारखी चपटी झाली होती आणि फुई खालच्या लोखंडी पट्ट्यांवर निजत होती. किती दिवस, ते कोणालाच सांगता आले नाही, कारण लिहून ठेवायची वहीच नव्हती. एक साधा जादा बोर्ड बसवायला वायरमनला एक तास पुरला असता. आणि तो कूलरही पत्र्याचा, ओल्या फरशीवर ठेवलेला. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे दगावतात. जिथे म्हातारी माणसे अनवाणी, भिंत धरून चालतात, तिथे त्याचे अर्थिंग कोणी तपासले होते का, हे मी विचारले. कोणाला माहीत नव्हते.

फुईला मी दवाखान्यात हलवले. दुसऱ्या दिवशी सलाइन लागल्यावर ती जराशी शुद्धीवर बोलू लागली, तेव्हा मी विचारले, अगं, पाणी का पीत नव्हतीस? ती म्हणाली, "रातले कोनले हाक मारू बेटा? म्हनीसन पानीज पेत नही मी."

रात्री लघवीला न्यायला कोणी येणार नाही, हाक मारली तर कोणी चिडेल, म्हणून ती संध्याकाळी पाचनंतर घोटभरही पाणी पीत नव्हती. खान्देशच्या उन्हाळ्यात. म्हातारपणी तहान लागल्याचे आधीच कमी कळते. पाणी कमी पडले की लघवीत जंतुसंसर्ग होऊ शकतो, माणूस बरळू लागते, भ्रमिष्टासारखे वागते. घरचे म्हणतात, वय झाले. आश्रमाच्या व्यवस्थापकांनीही मला हेच उत्तर दिले, "ताई, या वयात असं होतंच." डॉक्टरांनी मात्र मला स्वच्छ सांगितले की जखम वयाने होत नाही, दाबाने आणि ओलाव्याने होते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबून राहिली की तिथला रक्तपुरवठा बंद पडतो आणि काही तासांत ती मरू लागते. आधी नुसती लाल होते. त्या लालीवर बोट दाबून सोडले आणि ती पांढरी न पडता लालच राहिली, तर तो इशारा समजायचा आणि माणूस त्या कुशीवर झोपवायचे नाही. हे शिकवायला पाच मिनिटे लागतात. फुईची ती जखम भरून यायला साडेचार महिने लागले. रोज ड्रेसिंग. पहिले काही दिवस जखमेत ओले गॉझ भरताना माझे बोट पहिल्या पेरापर्यंत आत जायचे.

याच आश्रमातल्या दुसऱ्या एका आजींना संध्याकाळी मधुमेहाची गोळी दिली, पण त्या रात्री जेवल्या नाहीत, त्यामुळे रक्तातली साखर उतरली. घामाने भिजून पडल्या होत्या, सकाळपर्यंत कळले नाही. हे मी पाहिलेले नाही, त्यांच्या मुलीने दवाखान्यात भेटल्यावर सांगितले. त्या वाचल्या.

नंतर मी कायदा काय म्हणतो ते शोधले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा आहे. मुले पोसत नसतील तर प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह मिळतो. ज्येष्ठ व्यक्तीला कायमचे टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. याच कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा आश्रम काढू 'शकते'. 'काढलाच पाहिजे' असे नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले होते. त्यात आश्रमांची नोंदणी होती, सोयींचे किमान निकष होते. ते स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये १७ वी लोकसभा संपली तेव्हा विधेयकही बाद झाले. एका वकिलांनी ग्राहक आयोगात जायचा सल्ला दिला. भरपाई कदाचित मिळेल. पण त्यामुळे त्या खोलीत दुसरा प्लग बसणार नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन चांगली आहे, जरूर वापरावी, पण तीही सकाळी ८ ते रात्री ८ चालते.

म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांना माझी विनंती आहे की दिल्लीतला कायदा होईल तेव्हा होईल, तोवर त्यांनी आश्रम बघायला रात्री अकरानंतर जावे. दिवसा, हार-गुच्छ घेऊन उभे असताना जाऊ नये. किती माणसे झोपलेली, किती खिळलेली आणि जागे कोण, एवढे मोजले तरी पुष्कळ कळेल. प्रत्येक आश्रमाने आजच्या रात्रीला कामावर कोण, हे दारावरच्या फळ्यावर लिहावे. खिळलेल्या माणसाच्या कॉटला वही बांधलेली असावी, तिच्यात कूस बदलल्याची, पाणी दिल्याची, डायपर बदलल्याची वेळ आणि सही असावी आणि नातेवाइकाला ती कोणत्याही वेळी बघता यावी. भेटीची वेळ चार ते सहाच का, हे मला आजही कळलेले नाही. मी महिन्याला बारा हजार भरत होते; माझे माणूस मला सकाळी सात वाजता का बघता येऊ नये?

आपल्या घरच्या कोणासाठी आश्रम बघत असाल तर देवघर, बाग आणि टीव्हीची खोली बघून पैसे भरू नका. रात्री साडेनऊला जा. आत येऊ दिले नाही, तर तेच उत्तर समजा. आत गेलात तर कॉटच्या संख्येपेक्षा प्लग किती आणि बेल किती ते मोजा. पडून असलेल्या कोणाच्या तरी टाचा बघा.

फुई आता धुळ्याजवळच्या दुसऱ्या आश्रमात आहे. इमारत जुनी आहे, रंग उडालेला आहे. पण बावीस जणांना रात्री दोन मावशी आहेत आणि कॉटच्या पायथ्याला शाळकरी पोरांची असते तशी दोनशेपानी वही लटकवलेली आहे. मागच्या वेळी मी सकाळीच गेले होते. उशाशी ठेवलेला तांब्या रिकामा होता, फुईने रात्रीतच पाणी संपवले होते.

पत्राखाली माझे नाव छापू नये, ही विनंती. फुईच्या त्या जुन्या खोलीत अजून सात बायका राहतात आणि माझ्या नावावरून कोणता आश्रम हे ओळखले गेले, तर त्याचा त्रास त्यांना होईल. त्यांचे नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांनी या आठवड्यात, रविवार सोडून, एकदा जाऊन यावे.

आपली,
एक शिक्षिका,
चाळीसगाव, जि. जळगाव