आई, सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर मी "स्कूबाच्या क्लबात जायला लागलेय", म्हणजे पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्याखाली जायला शिकतेय, एवढंच म्हणाले आणि आईने फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी "बरं बरं" करत विषय बदलला. म्हणजे दोघांच्याही पोटात गोळा आलाय, हे कळलं मला. हे बोलून सांगायला गेलं की मधेच कुणीतरी रागावतं, म्हणून सरळ लिहायला बसले. आई, पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत ताईला फोन करायचा नाही.

आधी तुझा प्रश्न. "खाली गेल्यावर ऑक्सिजन संपला तर?" अगं, सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो. आत्ता तू घेतेयस तीच हवा, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या साधारण 200 पट दाबाने हवा भरली की ती साधारण 2400 लिटर होते. माझ्यासारखी घाबरट नवशिकी मिनिटाला 20 लिटर तरी ओढते. म्हणजे काठावर बसून श्वास घेतला तर दोन तास पुरेल. पण 10 मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट जाते आणि दोन तासांचा एकच तास उरतो. 20 मीटरवर 40 मिनिटं. हा हिशेब पाण्यात उतरायच्या आधी आमच्याकडून कागदावर करून घेतात. त्यातही वर येऊ तेव्हा 50 बार शिल्लक असलेच पाहिजेत. आणि एवढं करून संपलीच, तर पाण्यात सोबत उतरणाऱ्या जोडीदाराच्या सिलिंडरला एक जादा नळी असते, तिचं टोक तोंडात धरायचं. तलावात हे इतक्या वेळा घोटून घेतलंय की झोपेतून उठवलंस तरी माझा हात त्या नळीकडेच जाईल.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी परत निघालेच होते. इथे सुट्टीत तीन-चार दिवसांचा कोर्स करून प्रमाणपत्र घेऊन येणारे पुष्कळ. तसं केलं असतं तर फॉर्म भरला, पैसे दिले, संपलं. क्लबात तसं नसतं. शिकवणारे सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट शिकवतात, सामान क्लबाचं, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ तलाव मिळतो. मी पोचले तेव्हा वीसेक माणसं एकमेकांच्या पाठीवर सिलिंडर चढवत होती आणि माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. कुठे उभं राहायचं तेही कळेना. मग एका आजोबांनी काही न विचारता एक सिलिंडर माझ्यापुढे आडवा केला आणि म्हणाले, "हा धर, पडू देऊ नकोस, उभा करून सोडून जाऊ नकोस." माझा पहिला धडा हाच. तेच आजोबा आता दर आठवड्याला मला त्यांच्या जुन्या डाइव्हच्या गोष्टी ऐकवतात. त्या गोष्टी काही संपत नाहीत, ते एक असो.

आपल्याकडे म्हणतात, पाण्यात पडलं की पोहायला येतं. इथे नेमकं उलटं. आधी पोहून दाखव, मग न बुडता तरंगून दाखव, मग आजारांचा फॉर्म. त्यात "कानाचे विकार" असा रकाना होता आणि आई, माझा लहानपणी कान फुटला होता तो तिथे आडवा आला. खोटं लिहायचा मोह झाला, पण नाही लिहिलं. डॉक्टरांनी पडदा नीट तपासला आणि सही केली तेव्हाच पुढे सरकले. कानाचं तिथे खरंच खूप चालतं. दोन-तीन मीटरवरच दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधी, पुन्हा पुन्हा. दुखलं तर थोडं वर यायचं, हट्ट करायचा नाही. सर्दी असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. एका आठवड्यात मी नुसती काठावर शिंकत बसले होते.

बाबा, तुम्हाला यंत्राचं सांगते. तोंडात धरतो त्या भागाला रेग्युलेटर म्हणतात. आपण ओढली की हवा देतो, नाहीतर गप्प. फ्रान्समध्ये 1943 साली जाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी तो बनवला. गान्यां इंजिनिअर होता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून लोक गॅसवर गाड्या चालवत, त्या गाड्यांसाठी त्याने जी झडप केली होती, तीच पाण्याखाली नेली. म्हणजे तुमच्या गॅरेजातलीच वस्तू माझ्या तोंडात आहे म्हणा ना.

पण सगळ्यात मोठा नियम यंत्राचा नाहीच, श्वासाचा आहे. श्वास कधीही, कुठल्याही कारणाने रोखायचा नाही. 10 मीटरवर छाती भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट फुगते. तोंड मिटून वर आलं तर फुप्फुसं फाटू शकतात. म्हणून वर येणंसुद्धा सावकाश, मिनिटाला 9-10 मीटरपेक्षा जास्त नाही. बाबा, तुमच्या प्राणायामातले पूरक आणि रेचक इथे चालतात, कुंभक मात्र वर्ज्य. आणि गंमत म्हणजे अंगावरच्या शिशाच्या वजनाचा अंदाज एकदा जमला की नुसत्या श्वासावर वर-खाली होता येतं. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की खाली. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी हसले, आणि हसल्याबरोबर मास्कमध्ये पाणी.

मास्कने मला फार छळलं. मुद्दाम पाणी आत घ्यायचं, वरची कड दाबून धरायची, मान थोडी वर आणि नाकाने फुंकायचं. बस, एवढंच. तीन आठवडे मी कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकायची, पाणी डोळ्यांपर्यंत आलं की ताडकन उभी राहायची. शिकवणारी बाई एकदाही ओरडली नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाली, "आज घाई नाही, नुसतं भरू दे आणि बसून राहा." बसले. नाकापर्यंत पाणी, तोंडाने श्वास चालू, काहीच होत नव्हतं. मग आपोआप जमलं.

मागच्या रविवारी पहिल्यांदा उघड्या पाण्यात उतरवलं. समुद्र नव्हे गं, पाणी भरलेली जुनी दगडखाण. 8 मीटर खोल. गार, हिरवट, तीन-चार मीटरपुढे काही दिसत नाही. रंगीत मासे बघायला म्हणून मी या फंदात पडले होते, आणि दिसला एकच, तोही पाठमोरा. माझ्या हातमोज्यांचा लाल पट्टा खाली तपकिरी झाला, कारण पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, त्यामुळे त्या माशाकडे बोट दाखवलं ते चुकलंच. "छान!" म्हणून अंगठा वर केला तर जोडीदार मला घेऊन वर निघाला, कारण तिथे अंगठा म्हणजे "वर चल". ही चूक मी दुसऱ्यांदा केली.

पण मला तुम्हाला सांगायचं होतं ते वेगळंच. पाण्यात जायच्या आधी जोडीदार एकमेकांना तपासतात. जॅकेटमध्ये हवा भरतेय ना, वजनाचा पट्टा झटकन सुटतो ना, झडप पूर्ण उघडी आहे ना, गेजचा काटा बघत दोन श्वास घे. सगळं मोठ्याने बोलून. त्या दिवशी माझ्या जोडीला तेच आजोबा होते, तीस वर्षं पाण्याखाली जाणारे. माझ्यासमोर हात वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "बघ." मी घाईत पट्टा बघायचा विसरले. त्यांनी हात खाली घेतले नाहीत. आठवेपर्यंत तसेच थांबले. आई, इथे आल्यापासून कामाच्या ठिकाणी सगळे गोड बोलतात, पण माझ्यावाचून कुणाचं काही अडतंय असं एकदाही वाटलं नव्हतं.

आता येण्याचं. डाइव्हमध्ये रक्तात नायट्रोजन विरघळतो, तो निघून जायला वेळ लागतो, आणि विमानात दाब कमी असल्याने त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून आमच्या क्लबात उड्डाणाआधी 24 तास पाणी बंद. विमान शनिवारी सकाळी आहे, तेव्हा शुक्रवारी मी काठावरच. पुढचे तीन आठवडे तर नाहीच. सचिवबाईंना कळवलं, तर त्यांनी वही काढली आणि विचारलं, "मग तुझ्या पाळीला सिलिंडर कोण भरून आणणार?" बदली माणूस शोधून दिला, तेव्हा कुठे रजा मिळाली.

तुमची,
धाकटी