भाता दुसऱ्याच्या हाती

पॅरिस, रविवार संध्याकाळ

ती. आई आणि बाबा यांना शि. सा. नमस्कार.

आई, मी दर रविवारी चर्चमध्ये जातो ही बातमी मावशीकडून फिरत फिरत शेवटी तुझ्यापर्यंत पोचलीच. बाटलो नाही गं. जातो ते वाजवणं ऐकायला. गावच्या देवळातसुद्धा आरतीला उशिरा येणारा आणि भजन संपेपर्यंत न हलणारा मीच होतो, ते आठव.

चर्चचं नाव सां-सुल्पीस. सीन नदीच्या डाव्या काठाला आहे, नोत्र-दामपासून चालत जाण्यासारखं. आत शिरल्यावर मागे वळून वर बघायचं, की दाराच्या डोक्यावर ऑर्गन दिसतो. बाबा, तुमच्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन येईल. त्यात पेटीसारखेच सूर बसवलेले असतात. इथे नळ्या आहेत, सुमारे सात हजार. काही बोटाएवढ्या आणि काही आपल्या माडीपेक्षा उंच. 1781 साली क्लिकोने हा ऑर्गन बांधला आणि 1862 मध्ये कावाये-कोल या कारागिराने तो जवळजवळ नव्याने उभा केला. पण जुन्याच्या पुष्कळ नळ्या त्याने फेकल्या नाहीत, नव्यात सामावून घेतल्या.

तुमच्या पेटीत खर्ज-नर असे सुरांचे दोन संच आहेत. इथे संच शंभराच्या वर. सोळा फुटी नळीचा संच म्हणजे आपला खर्ज. त्याखाली बत्तीस फुटी असतो, खर्जाचाही खर्ज. त्यातला सगळ्यात खालचा स्वर सेकंदाला सोळा कंपनांचा असतो. तो कानाला जेमतेम कळतो, बाकाची फळी मात्र थरथरते. पट्ट्यांच्या पाच ओळी, शिवाय पायांसाठी वेगळ्या लाकडी पट्ट्या. कपलर, म्हणजे एका ओळीतली पट्टी दाबली की दुसऱ्या ओळीतलीही वाजवणारी जोडणी, आहेतच. पण इतक्या ओळी कपलरने जोडल्या, की पट्टी दाबायला पैलवानाचं बोट लागेल! त्यावर बार्कर नावाच्या इंग्रज माणसाने तोड काढली. प्रत्येक पट्टीमागे एक चिमुकला भाता. पट्टी हलकेच दाबली, की त्यात हवा शिरते, तो फुगतो आणि जड काम तोच ओढतो. कावाये-कोलने ही युक्ती 1841 मध्ये पॅरिसजवळच्या सां-दनी चर्चच्या ऑर्गनला पहिल्यांदा वापरली, मग इथेही. तुम्ही हे बघितलंत तर पेचकस घेऊन आत शिराल, याबद्दल मला शंका नाही.

वाजवणाऱ्यांची गोष्ट मला यंत्रापेक्षाही आवडते. 1870 च्या जानेवारीत शार्ल-मारी विडॉर नावाचा 25 वर्षांचा मुलगा इथे लागला, तो एका वर्षापुरता, तात्पुरता. कायम केल्याचा कागद त्याला कधी मिळालाच नाही म्हणतात. तो उठला 1933 च्या अखेरीस, 89 व्या वर्षी. म्हणजे 64 वर्षं टेंपररी! (बाबा, तुमची सर्व्हिस बरीच बरी म्हणायची.) त्याच्यानंतर आलेल्या मार्सेल द्युप्रेने 1920 मध्येच बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या ऑर्गनसाठीच्या सगळ्या रचना दहा कार्यक्रमांत, कागद न बघता, वाजवून दाखवल्या होत्या. तो 1971 मध्ये, 85 व्या वर्षी गेला, एका रविवारी. त्या दिवशी सकाळचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, त्यानेच वाजवला होता. शंभर वर्षांत वादक दोनच.

आई, तुझ्यासाठी एक माहिती: विडॉरने लग्न केलं ते 76 व्या वर्षी. तेव्हा माझ्या पत्रिकेची घाई नको.

पैशाच्या हिशोबाने हा धंदा धड नाही. चर्चकडून फारसं काही सुटत नाही. शिकवण्या आणि गावोगावचे कार्यक्रम यांवर घर चालतं. आणि आपलं वाद्य बरोबर नेता येत नाही. प्रत्येक गावचा ऑर्गन निराळा, संच चालू करायच्या खुंट्यांच्या जागा निराळ्या, घुमार निराळा. लोक घरी गेले, चर्चला कुलूप लागलं, की रात्री एकट्याने बसून कुठल्या जागी कुठला संच ओढायचा ते ठरवायचं. कार्यक्रमात प्रेक्षकांकडे पाठ, तीही उंच माळ्यावर. आपल्याकडचा गवई इतकं सहन करणार नाही! मिस्सात तर कागदावरचं वाजवून भागत नाही. पाद्रीबुवांना वेदीपर्यंत यायला वेळ लागला, तर तेवढं तिथल्या तिथे रचून भरायचं. बुवा पुढचा अभंग आठवेपर्यंत तुम्ही जे करायचात तेच.

एकदा मला वर जायला मिळालं. गोल दगडी जिना, मग अर्धवर्तुळात मांडलेल्या खुंट्या. वादकाचे हात आणि पाय दोन्ही गुंतलेले असतात, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जण उभा राहून खुंट्या ओढतो. हवा आता विजेच्या पंख्याने येते, पूर्वी माणसं आत उभी राहून पायाने भाते मारायची. म्हणजे हे जे एवढे मोठे वादक, त्यांनी इथे बसून आपला भाता स्वतः कधी मारलाच नाही.

बाबा, माझं म्हणणं इथे आहे. तुमचा डावा खांदा वर जात नाही, बोटं ठीक आहेत. मंडळात आता तो मुलगा कीबोर्ड वाजवतो म्हणून तुम्ही जात नाही, तेही मला समजतं. पण घरी वाजवायला काय हरकत आहे? आईने समोर बसून भाता मारावा, तुम्ही वाजवा. डावा हातही मोकळा मिळेल, खर्जाला उपयोगी पडेल. आई, भाता पोळ्या लाटण्याच्या जोराने मारू नकोस, सावकाश आणि सारखा मार. बाबा चिडतील, पण ते कधी चिडत नव्हते?

विडॉरची सगळ्यात गाजलेली टोकाटा (भरभर बोटं चालवायची रचना) हल्ली लोक लग्नात वाजवतात आणि फार पळवतात. त्याने स्वतः 1932 मध्ये, 88 व्या वर्षी, याच ऑर्गनवर ती रेकॉर्ड केली. लय अगदी संथ आहे. काही जण म्हणतात, वयामुळे. मला ते पटत नाही. इतक्या मोठ्या घुमारात प्रत्येक स्वर सुटा ऐकू यायचा तर तीच लय हवी. दादाच्या फोनवर पाठवतो, मोठ्या स्पीकरवर लावायला सांगा. मोबाइलवर ऐकून मत देऊ नका.

पेटीच्या भात्याची एक घडी फाटली होती. ती कागद चिकटवून भागवू नका, कुडाळला नेऊन चामडं बदलून घ्या, पैसे मी पाठवतो. आणि खांद्याचा एक्स-रे काढलात का, ते दोघांपैकी कोणीही मला सांगितलेलं नाही.

तुमचा,
धाकटा