बोजा उतरेपर्यंत

पुणे, १३ जुलै २०२५

ती. आई व आण्णा यांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवरचं बोलणं अर्धवटच राहिलं. आण्णा, "बघतो मी काय करायचं ते" म्हणून तुम्ही फोन ठेवायला लागलात आणि मागून आईचा आवाज आला, "पाटल्यांचं बोला की तिला." रात्रभर तेच कानात होतं. फोनवर मी भराभर बोलते आणि तुम्ही गप्प होता. म्हणून आज रविवारी सकाळी निवांत लिहायला बसले आहे. आई, आण्णांच्या डोळ्याला पाणी येत असेल तर तू मोठ्यानं वाचून दाखव.

पाटल्या मोडायच्या नाहीत. पोस्टातले पैसे काढायचे नाहीत. पतसंस्थेकडं जायचं नाही आणि कुणाकडून हातउसने घ्यायचे नाहीत. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश.

तुमच्या नव्या घरासाठी मी काढतेय त्या कर्जाची फाइल कुठं अडली आहे ते नीट सांगते. पगाराच्या पावत्या, फॉर्म सोळा, सहा महिन्यांचं खातं, सिबिल, हे सगळं एप्रिलमध्येच पास झालं. व्हॅल्युएशनवाला येऊन जागा बघून गेला, तुम्ही त्याला चहा पाजलात. इंजिनिअरचं बावीस लाखांचं एस्टिमेटही बँकेनं मानलं. त्यातले अठरा लाख बँक देणार, चार लाख आपण घालायचे, आणि ते चार लाख माझ्या खात्यात बाजूला ठेवलेले आहेत. अडलं ते फक्त सर्च रिपोर्टला. बँकेचे पॅनलवरचे वकील तीस वर्षांचे उतारे आणि फेरफार काढून बघतात. त्यांना आपल्या सातबारावर 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा साठ हजारांचा बोजा, म्हणजे जमिनीवर कर्ज असल्याची नोंद, दिसला. गेल्या वर्षी बेदाणा शेडची चार गुंठे जागा बिनशेती करून सनद घेतली, तेव्हा त्या तुकड्याच्या नव्या उताऱ्यावरही तो बोजा तसाच उतरला. कुणीच तिकडं पाहिलं नाही. मीसुद्धा नाही. पंधरा रुपये भरून मोबाईलवर सातबारा काढला, मालक म्हणून तुमचं नाव बघितलं आणि खाली न वाचता फाइलला लावला.

वकिलांनी ही गोष्ट मला सांगितली आणि मी ती त्याच दिवशी तुम्हाला सांगितली, ही माझी घाई झाली. कारण त्या दिवसापासून तुमचा आवाज बदलला आहे. "माझ्यामुळं पोरीचं घर रखडलं" असं तुम्ही ताईला म्हणालात, तिनं मला सांगितलं.

आण्णा, तो बोजा कशाचा आहे ते मला चांगलं आठवतं. २००३ चा दुष्काळ. मी चौथीत होते. आपल्या भागातल्या विहिरी उन्हाळ्याआधीच कोरड्या पडल्या होत्या आणि लोक द्राक्षाच्या वेली मुळासकट काढून सरपणाला घालत होते. तुम्ही सोसायटीचं कर्ज काढून टँकरनं बाग जगवली. एकेका वेलीच्या बुडाशी तुम्ही आणि आई घागरीनं पाणी ओतत होता आणि मी मागून बुडाला उसाचं पाचट पसरत होते. ती बाग जगली म्हणून ताईचं डीएड झालं आणि पुढं माझं इंजिनिअरिंग झालं. आज बँक मला कर्ज द्यायला तयार आहे ती माझ्या पगारावर, आणि तो पगार त्या टँकरच्या पाण्यावर उभा आहे. मग तुम्ही कशाची लाज वाटून घेताय?

आणि कर्ज तर तुम्ही फेडलंत! परवा तुम्ही पत्र्याच्या पेटीतून काढलेल्या पावत्यांचा फोटो ताईनं पाठवला, तो मी मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले. तारेत ओवलेल्या अकरा पावत्या. शेवटची मार्च २००७ ची, कडा पिवळ्या पडलेल्या, तिकिटावरची सही अर्धी पुसलेली, आणि पाठीमागं तुमच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं: 'सर्व मिटले. आज गूळ घेणे.' आई, त्या दिवशी तू पोळ्या केल्या होत्यास का गं? मला पुसट आठवतंय, पण खात्री नाही. पैसे भरल्यावर सोसायटीनं बोजा कमी करायचं पत्र तलाठ्याकडं द्यायला हवं होतं. ते गेलं नाही आणि अठरा वर्षं ती नोंद तशीच राहिली. यात तुमची चूक शोधूनही सापडणार नाही. तुम्ही तर पावत्यासुद्धा जपून ठेवल्यात. त्या नसत्या तर बेबाकी दाखल्यासाठी, म्हणजे काही देणं उरलं नाही या सोसायटीच्या दाखल्यासाठी, जुनी दप्तरं उघडायला लावावी लागली असती आणि त्यात किती महिने गेले असते ते सांगता येत नाही.

आता पुढचं. दाखला मिळाला. ३० जूनला ई-हक्क या सरकारी पोर्टलवर बोजा कमी करण्याचा अर्ज गेला. तलाठ्यांनी फेरफार धरून नोटीस काढली आहे. कुणाची हरकत असेल तर ती नोंदवायला पंधरा दिवस ठेवावे लागतात, तो कायदाच आहे, त्यात कुणी मुद्दाम अडवत नाही. मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतील, मग कोरा उतारा निघेल. तो मी वकिलांकडं दिला की ते रिपोर्ट पूर्ण करतील आणि मंजुरीचं पत्र येईल. म्हणजे अजून दोन-तीन आठवडे. तुम्हाला पायाच्या खड्ड्यांकडं बघवत नाही, हे मला कळतं. अक्षय तृतीयेला कुदळ मारली, आठ दिवसांत खड्डे झाले, आणि यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळायला लागला. आता त्यात बेडकं ओरडतात असं आई म्हणाली. सळईला गंज चढतोय म्हणून तुम्ही रोज ताडपत्री सारखी करता. पण इंजिनिअरशी मी बोलले. वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशनं निघतो, पापुद्रे सुटायला लागले तरच माल बाद करायचा. खड्ड्यातलं पाणी उपसून चिखल काढून मगच पीसीसी, म्हणजे तळाचं साधं काँक्रीट, टाकणार आहेत. काही वाया गेलेलं नाही.

पैशाचं म्हणाल तर पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेवर तुम्हाला ८.२ टक्के व्याज मिळतं. चार लाखांवर दर तीन महिन्यांनी ८,२०० रुपये येतात, त्यात तुमच्या दोघांच्या गोळ्या आणि लाइट बिल निघतं. मला कर्ज साधारण आठ टक्क्यांनी मिळतंय. मग ८.२ चे पैसे मोडून आठाचं कर्ज कमी करण्यात काय हशील? शिवाय मुदतीआधी काढले तर कापून घेतात ते वेगळंच. आणि पाटल्या. सोन्याचा भाव लाखाच्या घरात गेलाय म्हणून कॉन्ट्रॅक्टर म्हणाला असेल "आत्ताच मोडा." त्याला त्याचा ॲडव्हान्स हवा आहे, त्याचंही चूक नाही, त्याची माणसं बसून आहेत. पण आई, त्या पाटल्या २००३ मध्येसुद्धा तू मोडल्या नव्हत्यास. आण्णांनी मोडू दिल्या नव्हत्या. मग आता मी कशी मोडू देईन? मी कॉन्ट्रॅक्टरला माझ्या चार लाखांतले पन्नास हजार पाठवते, तो थांबेल.

या दोन-तीन महिन्यांत एक बरंही झालं. फेब्रुवारीपासून रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना पैसे देते तो दर, एक टक्क्यानं उतरवला, त्यातला अर्धा टक्का ६ जूनला. गृहकर्ज आता रेपोला बांधलेलं असतं. मे महिन्यात साडेआठ टक्के धरून अठरा लाखांना वीस वर्षांचा हप्ता १५,६०० च्या वर बसत होता, आता तो १५,०५० च्या आसपास येतोय. आणि सगळे अठरा लाख काही एकदम येत नाहीत. जोतं झालं की एक रक्कम, स्लॅबला एक, मग बांधकाम आणि गिलावा, असे टप्प्यानं येतात. घर पूर्ण होईपर्यंत जेवढे उचलले तेवढ्याचंच व्याज भरायचं. माझ्या पगारात हे बसतं, मी आठ महिने आधीपासून तेवढे पैसे बाजूला काढून बघितलेत.

आता मला जरा जड जातंय ते लिहिते. बँकेतल्या साहेबांनी मला एक सोपी वाट सांगितली होती. "वडलांकडून बक्षीसपत्र करून जागा तुमच्या नावावर करून घ्या. मुलीला द्यायचं तर मुद्रांक फक्त २०० रुपये, कर्जही तुमच्या एकटीच्या नावावर होईल, वडलांच्या वयाचा प्रश्न राहणार नाही." मी हे तुम्हाला नुसतं कानावर घातलं, आणि आण्णा, तुम्ही लगेच म्हणालात, "कधी यायचं सहीला?" एक क्षण विचार केला नाहीत. तुम्ही असे आहात म्हणूनच मला ते करायचं नाही. ज्या जागेवर आज्ज्यानं बेदाणा शेड घातली, तिथं माझ्या कागदावर तुम्ही पाहुणे होणार, हे मला सहन होणार नाही. आणि ताई आहे. तिनं आजवर एका शब्दानं काही मागितलेलं नाही, म्हणून तिचा हक्क संपत नाही. २००५ पासून तर कायद्यानंही मुलगी मुलाच्या बरोबरीची आहे. मी पैसे घालते म्हणून जागा माझी, असं घर मला बांधायचं नाही. जागा तुमची, घर तुमचं, कर्ज माझं. बँकेला मालकाची सही लागते म्हणून तुम्ही सहकर्जदार राहणार, पण हप्ता माझ्याच खात्यातून जाईल.

"एक बोजा उतरवायचा आणि लगेच दुसरा चढवायचा?" असं तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर तेव्हा मला नीट देता आलं नाही. होय, बँक गहाणाची नोंद करणारच आणि मूळ कागद ठेवून घेणार. पण आता नियम बदललेत. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा आदेश लागू आहे की कर्ज पूर्ण फिटलं की तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. तुमच्या वेळी असं काही नव्हतं. व्याजदर बदलता असल्यामुळं आधी पैसे भरले तरी दंड नाही, बोनस मिळेल तसा मी भरत जाईन. आणि माझ्या नावावर कर्जाएवढा टर्म विमा घेतला आहे. असलं अभद्र बोलू नको म्हणून आई रागावेल, पण तुमच्या म्हातारपणी तुमच्या दारात वसुलीवाला कुणी येणार नाही, एवढी तजवीज मला करायचीच होती.

मला घाई नाही असं मुळीच समजू नका. गेल्या श्रावणात रात्री आई परसात घसरून पडली, तेव्हापासून पावसाचा आवाज आला की मला झोप लागत नाही. मोरी आत हवी, संडास आत हवा, पायऱ्या दोनच हव्यात आणि त्याही कमी उंचीच्या. त्यासाठीच हे घर आहे. तोवर परसातल्या वाटेवर फरशी टाकून घ्या म्हणून ताईच्या मिस्टरांना सांगितलंय. आण्णा, रात्री आईला एकटीला जाऊ देऊ नका. माळवदाच्या खाली भांडी लावायला स्टुलावर चढू नका. गळू दे, पुसता येतं.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येते, शनिवारी पहाटे पोचेन. तुमचं आधार, पॅन, दोन फोटो आणि ती पावत्यांची तार एका पिशवीत काढून ठेवा. पावत्यांच्या झेरॉक्स देऊ, मूळ पावत्या मी कुणाला देणार नाही.

आणि आई, तुझ्याकडं एक काम आहे. इंजिनिअर ओट्याची उंची विचारतोय. तो म्हणतो सगळीकडं अडीच-पावणेतीन फूट ठेवतात, पण मला सगळीकडचं नको आहे. तू सरळ उभी राहा, कोपर वाकवून भाकरी थापायला घेतल्यासारखा हात धर, आणि आण्णांना जमिनीपासून तळहातापर्यंत टेपनं मोजायला सांग. चप्पल घालू नकोस. जे भरेल ते कागदावर लिहून ठेव.

तुमची,
धाकटी