घड्याळातल्या कॅलरी आणि दिवसभराची हालचाल

ती. आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, सकाळच्या चाळीस मिनिटांच्या फेरीनंतर घड्याळात 150 कॅलरी दिसल्या की दिवसाचा व्यायाम झाला असं तुम्ही धरता, आणि मग जेवणापर्यंत आरामखुर्ची सुटत नाही. आई, तू म्हणतेस, ‘मला कुठे वेळ मिळतो व्यायामाला!’ या दोन्हीबद्दल सविस्तर लिहायचं होतं. फोनवर विषय अर्धवट राहतो.

आधी त्या 150 चं बघू. बाबांचं वजन 68 किलो. ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या चालीला, स्वस्थ बसून लागते त्याच्या सव्वातीन पटीच्या आसपास ऊर्जा लागते. हिशेब 150 पर्यंत जातो खरा, पण त्यातल्या 45 कॅलरी त्या चाळीस मिनिटांत बसून राहिलात तरी लागल्याच असत्या. चालण्याच्या म्हणून उरतात शंभरेक, म्हणजे 30 ग्रॅम कणकेची बिनतेलाची एक पोळी. फेरी बंद करू नका, हृदयाला आणि साखरेला ती हवीच. फक्त तो आकडा बघून उरलेला दिवस बसून काढू नका.

माणूस दिवसभरात एकूण किती ऊर्जा वापरतो हे मोजायची भरवशाची पद्धत घड्याळापेक्षा फार वेगळी आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला देतात आणि पुढचे आठ-पंधरा दिवस लघवीचे नमुने तपासतात. हायड्रोजन पाण्यावाटेच बाहेर पडतो. ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. दोघांच्या वेगातल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती तयार झाला ते कळतं, आणि त्यावरून कॅलरी. माणूस आपल्या घरी, नेहमीचं आयुष्य जगत असताना हे मोजता येतं.

याच पद्धतीने 29 देशांतल्या 6,400 हून जास्त लोकांची मोजणी एकत्र करून 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांपर्यंतची माणसं होती. चाळिशीत शरीराचा खर्च मंदावतो असं सगळेच म्हणतात, पण शरीराचा आकार आणि स्नायू जमेस धरले तर 20 ते 60 या वयात तो जवळपास स्थिर असतो. साठीनंतर मात्र वर्षाला साधारण 0.7 टक्क्याने उतरतो. स्नायू झिजले की त्यात आणखी घट होते. वयाचं आपण काही करू शकत नाही, स्नायूंचं करू शकतो.

आई, आता तुझ्यासाठी. अमेरिकेत 70 ते 82 वर्षांच्या 302 जणांची हालचालीवरची ऊर्जा याच पाण्याने मोजली आणि सरासरी सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सर्वांत कमी हालचालीच्या गटात जवळपास 25 टक्के लोक या काळात वारले, सर्वांत जास्त हालचालीच्या गटात 12 टक्के. मुळात ठणठणीत माणूसच जास्त हिंडतो, म्हणून सगळं श्रेय हालचालीला देता येणार नाही. संशोधकांनी आजारपणं हिशेबात धरली तरीही फरक टिकला, इतकंच. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: जास्त हालचालीच्या गटातले लोक ठरवून जास्त व्यायाम करत होते असं दिसलं नाही. ते जिने जास्त चढत होते आणि त्यांच्यातले जास्त जण अजून नोकरी-कामधंदा करत होते. म्हणून भाजी आणणं, कपडे वाळत घालणं, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालणं ही कामं बाईंवर सोडू नकोस. लादी पुसायचं काम त्यांच्याकडे राहू दे, तुझे गुडघे दुखतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) एकच, 22.3. मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के निघाली, याज्ञिक यांच्या 21.2. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या फोटोसह हे छापून आलं. वजनकाटा ‘ठीक’ म्हणतो तेव्हाही आतमध्ये स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, त्यामुळे ‘आमचं वजन वाढलेलं नाही’ यावर विसंबू नका.

स्नायूंसाठी खुर्चीवरून उठणं-बसणं ही चांगली सुरुवात आहे. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घ्या, प्लॅस्टिकची नको, ती सरकते. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. थोडं पुढे सरकून बसा, पाय खांद्याएवढे फाकवा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, हात छातीवर. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं वाका आणि उठा. बसताना मनात तीन मोजत सावकाश खाली या. बहुतेक जण इथे चुकतात, धप्पकन बसतात; खाली येताना मांड्या वजन सावरतात त्यातच निम्मं काम असतं, ते मग वाया जातं. गुडघे आत वळू देऊ नका. श्वास कोंडू नका, रक्तदाब चढतो, उठताना सोडा. जमत नसेल तर बैठकीवर घोंगडी घडी करून ठेवा, उंची वाढली की सोपं जातं. दहा वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून परत दहा, आठवड्यातून तीन दिवस. उठल्यावर चक्कर आली तर त्या दिवशी बंद, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि प्रथिनं. या वयात किलोमागे एक ग्रॅम तरी हवीत, म्हणजे आई, तुला 55. तुझ्या पातळ वरणाच्या वाटीत फार तर 15 ग्रॅम डाळ असते, तिच्यात प्रथिनं तीन-साडेतीन ग्रॅम. डाळ दुप्पट कर, दुपारी वाटीभर घट्ट दही, संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच, तेव्हा उपासाला दूध आणि दाण्याची आमटी पाहिजेच. बाबांचं क्रिएटिनीन (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारा रक्तातला आकडा) मागे जरा वाढलं होतं, त्यामुळे त्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

बाबा, तुमच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड हे साखर उतरवणारं औषध आहे, म्हणून रिकाम्या पोटी लांबची फेरी नको, साखर उतरू शकते. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. साठीपुढच्या, साखर वाढण्याचा धोका असलेल्या दहा जणांवर 2013 मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात, प्रत्येक जेवणानंतर 15 मिनिटं चालल्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर 45 मिनिटांच्या सलग फेरीपेक्षा चांगली आटोक्यात राहिली. तेव्हा सकाळची फेरी हवी तर थोडी कमी करा आणि रात्री जेवून दोघं मिळून सोसायटीत पंधरा मिनिटं चाला. मागच्या बाजूला दिवा नाही, तिकडे जाऊ नका. चपला नको, बूट घाला.

चालताना छातीत दाब आला किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबायचं आणि लगेच मला फोन न करता आधी डॉक्टरांना करायचा.

तुमची,
लेक